एकमेकांवर प्रीती



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी मला विषय विचारला, तेव्हा कामगार संघटनेत हयात घालविलेल्या माणसाने बोनस, किमान वेतन किंवा नव्या श्रमसंहिता यांपैकी कशावर तरी बोलावे, अशी त्यांची अपेक्षा असणार. मी ख्रिस्ती लोकांच्या आपसांतील प्रेमाचा विषय सांगितला. ते म्हणाले, "पण तुम्ही तर ख्रिस्ती नाही." ते खरे आहे. मी ख्रिस्ती नाही, धर्मशास्त्राचा अभ्यासकही नाही. शाळा लवकर सुटली. पुढचे वाचन युनियनच्या कचेरीत, काम आटोपल्यावर, हाती येईल ते पुस्तक घेऊन झाले. तरीही ह्या विषयावर बोलण्याचा मला अधिकार आहे असे मी मानतो, आणि तो अधिकार मला खुद्द येशूनेच दिलेला आहे. कसा, ते सांगतो.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात येशूच्या अखेरच्या रात्रीची हकीकत आहे. जेवण चालू असता तो उठतो, कमरेला रुमाल गुंडाळतो, भांड्यात पाणी घेतो आणि एकेका शिष्याचे पाय धुऊ लागतो. पाय धुणे हे त्या काळी चाकराचे, गुलामाचे काम. पेत्राला ते सहन होत नाही, तो पाय मागे घेतो. ज्यांचे पाय धुतले गेले त्यांत यहूदाही होता. थोड्याच वेळाने तो धरून देण्याच्या बेताने बाहेर पडला. तो गेल्यावर उरलेल्यांना येशूने एक नवी आज्ञा दिली. मी तुमच्यावर प्रीती केली तशी तुम्ही एकमेकांवर करा, असा तिचा आशय आहे. आणि त्याला जोडूनच तो सांगतो की तुम्ही माझे शिष्य आहात हे सगळे लोक ह्याच एका गोष्टीवरून ओळखतील.

आता हे "सगळे लोक" कोण? शिष्य तर नव्हेत, कारण ओळखले जाणार आहेत तेच शिष्य. म्हणजे परीक्षेला बसणारे ख्रिस्ती, पण गुण देणारा बाहेरचा. तुम्ही आणि मी. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीवरून ओळखतील, देवळातल्या हजेरीवरून किंवा गळ्यातल्या क्रुसावरून ओळखतील, असे तो म्हणाला नाही. जगातील बहुतेक धर्मसंस्था आपल्या परीक्षा आपल्या घरी घेतात व आपलेच परीक्षक नेमतात. येथे मात्र उत्तरपत्रिका शेजाऱ्याच्या हाती देऊन ठेवली आहे. हे मोठे धाडसाचे काम आहे, आणि मला वाटते, त्या धर्माच्या पुढच्या पुढाऱ्यांपैकी पुष्कळांना ते अडचणीचेही झाले असावे.

दुसरा शब्द आहे "एकमेकांवर". हा शब्द वाचताना मी अडखळलो, कारण मला वाटे की धर्म म्हणजे साऱ्या मानवजातीवर प्रेम. पण संघटनेच्या कामात जे दिवस गेले त्यांनी मला ह्या शब्दाची किंमत शिकविली. सगळ्या जगातील कामगारांवर प्रेम करणे अगदी सोपे असते, ते कधी आपल्या दारात उसने मागावयास येत नाहीत. कठीण असतो तो आपल्याच थप्पीवर आपल्याबरोबर पोते उचलणारा. तो दारू पितो, त्याची जात वेगळी, त्याने मागच्या संपात मालकाशी गुपचूप बोलणी केली, त्याच्या म्हशीने आपली पऱ्हाटी खाल्ली. त्याच्यावर प्रेम करा म्हटले की सभा शांत होते. योहानाच्याच नावाच्या पहिल्या पत्रात हा मुद्दा अधिक रोखठोकपणे आला आहे. दिसणाऱ्या भावावर ज्याला प्रेम करता येत नाही, त्याने न दिसणाऱ्या देवावरील प्रेमाच्या गोष्टी सांगू नयेत, सांगेल तर तो लबाड होय, असा त्याचा भावार्थ आहे.

भक्ती म्हणजे काय हे ह्या तालुक्याला शिकवावयास नको. गुलाबराव महाराजांचे माधान आपल्याच तालुक्यातले. परंतु भक्ताची खूण आपण बहुधा भक्त आणि देव ह्यांच्यामध्ये शोधतो. येथे ती भक्त आणि भक्त ह्यांच्यामध्ये शोधावयास सांगितली आहे. आपल्याकडे ह्याच्या सर्वांत जवळची गोष्ट म्हणजे वारकऱ्यांची परस्परांच्या पाया पडण्याची चाल. पंढरीच्या वाळवंटात कोणी कोणाची जात विचारीत नाही, असे आपण अभिमानाने सांगतो. पण चोखोबा पायरीशीच राहिले, आणि ते दार अस्पृश्यांसाठी उघडावे म्हणून साने गुरुजींना 1947 साली प्राणांतिक उपोषण करावे लागले, हेही आपणच सांगितले पाहिजे. ख्रिस्ती समाजाविषयी आज मी जे बोलणार आहे, ते हा आरसा पुढ्यात ठेवूनच बोलणार आहे.

प्रथम जुना काळ पाहू. इसवी सन 197 च्या सुमारास उत्तर आफ्रिकेतील कार्थेज शहरी तर्तुल्यन नावाच्या ख्रिस्ती लेखकाने रोमन अधिकाऱ्यांपुढे आपल्या लोकांची बाजू मांडली. त्यातला एक भाग मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला आमच्या युनियनचे खातेपुस्तकच उघडल्यासारखे वाटले. तो सांगतो, आमच्याकडे एक सामाईक पेटी असते. महिन्यातून एकदा, ज्याची इच्छा आणि ऐपत असेल तो तीत काही टाकतो. सक्ती कोणावरच नाही. हा पैसा मेजवान्यांत जात नाही. गरिबांना जेवू घालणे, त्यांचे मयत उचलणे, पोरकी मुले, घराबाहेर पडू न शकणारे म्हातारे, जहाज फुटून नागवलेले लोक आणि धर्मापायी खाणींत, बेटांवर किंवा तुरुंगांत डांबलेले बांधव, ह्यांच्यासाठी तो असतो.

बंधूंनो, मी वर्गणी गोळा करणारा माणूस आहे. वर्गणीची पावती पाहिली की संघटना जिवंत आहे की नाही हे मला कळते. ह्या यादीतील खाणकामगारांकडे लक्ष द्या. खाणीची शिक्षा झालेला माणूस परत येत नसे आणि त्याचा संघटनेला काडीचा उपयोग नसे. त्याच्यासाठी पेटीत पैसे राखून ठेवणे हा हिशेब व्यापाऱ्याचा नव्हे. ह्याच ठिकाणी तर्तुल्यन सांगतो की हे पाहून परके लोक म्हणत, पाहा, ही माणसे एकमेकांवर कशी माया करतात! हे कौतुकाने म्हणत नसत, खिजवून, काहीशा संशयाने म्हणत. म्हणून तर ती साक्ष मोलाची.

सुमारे पावणेदोनशे वर्षांनी दुसरी साक्ष मिळते, आणि ती तर शत्रूची. रोमचा सम्राट ज्युलियन 361 ते 363 ह्या काळात गादीवर होता. त्याला ख्रिस्ती धर्म बाजूला सारून जुन्या देवांची पूजा पुन्हा चालू करावयाची होती. त्याने आपल्या एका मुख्य पुजाऱ्याला पत्र लिहून खंत व्यक्त केली की हे गालीली लोक स्वतःच्या गरिबांना तर पोसतातच, वर आमच्याही गरिबांना पोसतात, आणि आमचे लोक मात्र आमच्याकडून काही मिळण्याची वाट पाहत बसतात. ही लाजिरवाणी गोष्ट आहे. गावोगाव धर्मशाळा उघडा, असे त्याने फर्माविले आणि धान्य व द्राक्षारसाची तरतूदही केली. सरकारी अनुदानावर प्रेम उभे करण्याचा हा इतिहासातला एक प्रयत्न म्हणावा लागेल. तो फळाला आला नाही. "एकमेकांवर" ह्या शब्दाने प्रेम संकुचित होते की काय, अशी शंका कोणाला असल्यास तिचे उत्तरही ह्याच पत्रात आहे. आतली पेटी खरी असली की ती बाहेरही सांडते.

आता आपल्या मराठी मुलुखात येऊ. पंडिता रमाबाईंना वादात हरविणे सोपे नव्हते. संस्कृतवर प्रभुत्व, कलकत्त्याच्या पंडितांनी दिलेली सरस्वती ही पदवी, आणि त्यापूर्वीच्या दुष्काळात आईबाप उपासमारीने गेलेले. 1883 साली त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील भगिनींच्या मठात राहिल्या. नेहेम्या गोऱ्हे यांच्यासारख्या विद्वानाच्या लेखनाचा आपल्या मनावर परिणाम झाला, असे त्यांनी स्वतः सांगितले आहे. पण त्या आणखी एक गोष्ट सांगतात, ती माझ्या मते अधिक महत्त्वाची. ह्या भगिनी त्यांना लंडनजवळ फुलहॅम येथील आपल्या आश्रमात घेऊन गेल्या. समाजाने पतित म्हणून टाकलेल्या स्त्रिया तेथे राहत, आणि मठातल्या भगिनी त्यांची सेवा करीत. रमाबाईंनी हे पाहिले आणि विचारले, तुम्ही हे का करता? उत्तरादाखल त्यांना येशूची आणि विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखविण्यात आली. क्रम ध्यानात घ्या. आधी वागणूक दिसली, मग प्रश्न आला, आणि पुस्तक शेवटी उघडले. परीक्षक बाहेरचा होता आणि त्याने खूण बरोबर ओळखली.

पुढे त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. एवढ्यावरून त्या चर्चच्या आज्ञेत राहिल्या असे समजू नका. आपल्या विवेकाच्या बाबतीत वाँटेजच्या भगिनींशीही त्या पत्रांतून कडाक्याने भांडल्या. प्रेमाने भांडण मिटते असे पुष्कळ लोक समजतात. माझा अनुभव असा की जेथे प्रेम असते तेथेच माणूस मोकळेपणाने भांडतो. एरवी तो राजीनामा देतो.

1896-97 च्या दुष्काळात रमाबाई स्वतः मध्यप्रांतात हिंडून उपाशी मुली आणि बालविधवा घेऊन आल्या. ह्या मुलींत सर्व जातींच्या होत्या. मुंबईला आणि पुण्याला शारदा सदन चालवीत असता त्यांनी उच्चवर्णीय विधवांचे जातीचे नियम, त्यांचा स्वयंपाक, हे सर्व सांभाळले होते. केडगावच्या मुक्तिसदनात ते राहिले नाही. शेकडो मुली एका अंगणात वाढल्या. कोणी माग चालविला, कोणी तेलघाणा, कोणी छापखान्यात खिळे जुळविले. फुलहॅमला जे पाहिले त्याची शाखाही केडगावला निघाली, तिचे नाव कृपा सदन. ती संस्था शंभरावर वर्षे उलटून गेली तरी चालू आहे.

पण खरा अडथळा कोठे असतो हे रमाबाईंपेक्षाही लक्ष्मीबाई टिळकांच्या हकीकतीत अधिक स्पष्ट दिसते. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, आणि बायकोवर आकाश कोसळले. काही वर्षे दोघे वेगळी राहिली. पुढे त्या नवऱ्याकडे आल्या, पण सोवळे घेऊन आल्या. त्यांची चूल वेगळी, पाणी वेगळे. नवरा घरातच, परंतु त्याचा स्पर्श चालत नाही. जात माणसाने केलेली आहे, देवाने नव्हे, हा विचार त्यांच्या मनात स्वतःच्याच चिंतनातून उगवला, तेव्हा त्यांनी कोणाच्याही हातचे खाण्यापिण्यास सुरुवात केली. 1900 साली बाप्तिस्मा झाला तो त्यानंतर. "स्मृतिचित्रे" ज्यांनी वाचले नसेल त्यांनी जरूर वाचावे. धर्मावरचे एवढे प्रांजळ आणि एवढे हसविणारे पुस्तक मराठीत दुसरे नाही. माझा मुद्दा असा की लक्ष्मीबाईंची प्रीती प्रार्थनेच्या वेळी सिद्ध झाली नाही, ती पाण्याच्या भांड्याशी सिद्ध झाली.

ह्या भांड्याची गोष्ट आमच्याही एका हमाल टोळीत घडली. टोळीतला एक गडी महारोगाने आजारी पडला, आणि कोठाऱ्याच्या दवाखान्यातून पूर्ण बरा होऊन परत आला. बोटे मात्र आखडली ती आखडलीच. त्याला परत घ्यावे असा ठराव एकमताने झाला. टोळीची हमाली सारखी वाटली जाते. त्याला आकडा नीट धरता येत नसे, तरी त्याचा वाटा कोणी पैशाने कमी केला नाही. डॉक्टरांचा कागद सगळ्यांनी पाहिला होता. आणि तरीही माठावर त्याचा पेला वेगळा राहिला. मी जात असे तेव्हा त्याच पेल्यातून पाणी पीत असे. पण मी पडलो पाहुणा. पाहुण्याने एक घोट घेतल्याने काय होते? एक दिवस तोच मला म्हणाला, "भाऊ, पैसे बराबर देतात, कायची तक्रार नाई. पण हिस्सा देणं येगळं अन् उष्टं पेनं येगळं." पुढे दोन वर्षांनी तो वेगळा पेला फुटला आणि दुसरा कोणी आणला नाही. ठराव झाला नाही, भाषण झाले नाही. न्याय आम्ही एका बैठकीत देऊ शकलो. ह्या दुसऱ्या गोष्टीला दोन वर्षे लागली. येशूने आज्ञा दिली ती ह्या दुसऱ्या गोष्टीची आहे असे मला वाटते.

कोठारा आपल्याला परका नाही. परतवाड्याजवळची ही वसाहत ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कामातून उभी राहिली. रोगावर गुणकारी औषध 1940 नंतर आले, आणि आजची बहुविध औषधयोजना तर 1982 पासूनची. त्यापूर्वी रोगी बरा करता येतच नसे. त्याच्याजवळ राहता मात्र येत असे. काही माणसे राहिली. ह्यात ख्रिस्ती लोकांचा मक्ता होता असे म्हणणे मात्र खोटे होईल. अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी तपोवन उभे केले, वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाणांनी 1936 साली काम सुरू केले, आणि आनंदवन तर सर्वांना माहीतच आहे. येशूची खूण बिगरख्रिस्ती माणसात दिसली तर काय म्हणावे, हा प्रश्न ख्रिस्ती पंडितांनी सोडवावा. टिळकांनी तो आपल्या परीने सोडविण्याचा प्रयत्न केला होता. 1917 साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी "देवाचा दरबार" काढला आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा दोहोंना जागा ठेवली. 9 मे 1919 रोजी ते वारले. दरबाराला वाढण्याइतका काळ मिळाला नाही.

आता तुमच्यापैकी काहींच्या ओठांवर आलेला आक्षेप मीच बोलून दाखवितो. ही सगळी सेवा माणसे बाटविण्यासाठी होती! काही ठिकाणी आमिष होते हे नाकारण्याचे कारण नाही. पण हा आक्षेप मला नेहमी अर्धवट वाटतो, कारण तो माणूस आत येईपर्यंतचाच विचार करतो. मी सभासद नोंदणीच्या मोहिमा पाहिल्या आहेत. नवा सभासद करावयाचा असला की सगळे पुढारी त्याच्या घरी चहा पितात. तोच सभासद सहा वर्षांनी हात मोडून दवाखान्यात पडला की कोण जातो? "तवा तुमची युनियन कुठी होती, बापा?" हे वाक्य ज्या संघटनेच्या कानी पडते तिचा सभासदांचा आकडा कितीही मोठा असो, मी तिला संघटना म्हणणार नाही. मिशनांच्या अहवालांतून किती बाप्तिस्मे झाले त्याचे आकडे असत. येशूने सांगितलेल्या परीक्षेत मात्र आत किती आले ह्याला गुण नाहीत, आत आलेल्याशी पुढे कसे वागलात ह्याला आहेत.

आणि येथे उत्तरपत्रिकेवर लाल शाई दिसते. गोव्यात चारशेहून अधिक वर्षांचे चर्च. पण कित्येक गावांत चर्चच्या उत्सवांचे मान आणि कॉन्फ्रारिया नावाची मंडळे जातवार वाटलेली राहिली, अंगावरच्या झग्याच्या रंगावरून कोण कोणत्या जातीचा ते कळे. आपल्या महाराष्ट्रात, विशेषतः नगर जिल्ह्यात, जे हजारो लोक ख्रिस्ती झाले ते बहुतांशी महार आणि मांग समाजांतून आले. ते भाकरीसाठी आले असे हिणविणाऱ्यांनी हेही सांगावे की गावाने त्यांना विहिरीवर येऊ दिले होते काय. ते बरोबरीच्या आशेने आले. बाबासाहेब आंबेडकरांनी, त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झालेल्या लेखनात, ह्या धर्मांतराचा कठोर हिशेब मांडला आहे. धर्म बदलला पण जात त्याच्यामागून चर्चमध्ये शिरली, आणि चर्चने तिला दाराबाहेर काढण्याचा पुरेसा यत्न केला नाही, हा त्यांचा आरोप.

1950 साली राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती फक्त हिंदूंना मिळतील असे ठरले. शिखांचा समावेश 1956 साली झाला, बौद्धांचा 1990 साली. ख्रिस्ती दलित त्याबाहेर राहिले. धर्मावरून हा भेद करू नये अशी शिफारस रंगनाथ मिश्र आयोगाने 2007 साली केली. 2022 साली न्यायमूर्ती बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली दुसरा आयोग नेमण्यात आला. कामगार कार्यकर्ता म्हणून माझे मत विचाराल तर, ज्याला जातीने चिरडले त्याला धर्म विचारून मदत नाकारणे मला अन्यायाचे वाटते. गावाची वेस धर्मांतराने हलत नाही. पण ह्या प्रकरणातली दुसरी वेदना कोणी बोलत नाही. सवलत मागावयाची तर ख्रिस्ती दलिताला आयोगापुढे उभे राहून शाबीत करावे लागते की माझ्याच चर्चमध्ये मला वेगळे बसविले, माझ्या मुलीची सोयरीक माझ्याच धर्मबंधूंनी जातीवरून मोडली, कोठे तर दफनाची जागाही वेगळी ठेवली. म्हणजे ज्या खुणेवरून जगाने शिष्य ओळखावयाचे, ती खूण आमच्यात उणी पडली, अशी शपथेवर साक्ष! कोणत्याही धर्माच्या माणसावर असा प्रसंग येणे क्लेशकारक आहे. सरकारने आदेश बदलला तर ही साक्ष देण्याची पाळी टळेल. तीतली हकीकत बदलण्याचे काम मात्र सरकारच्या हातचे नाही.

ह्या सभेला परतवाड्याहून आणि अमरावतीहून काही ख्रिस्ती बांधव मुद्दाम आलेले मला दिसत आहेत. माझ्या बोलण्यात त्यांच्यावर कोठे अन्याय झाला असेल तर प्रश्नोत्तरांच्या वेळी त्यांनी निःसंकोच सांगावे. मला त्यांना एकच विचारावयाचे आहे. तर्तुल्यनाने वर्णिलेली ती पेटी आपल्या मंडळीत आज आहे काय, आणि असल्यास गेल्या वर्षी तीतून कोणाकोणाला काय गेले? नावे नकोत, नुसता तपशील सांगितला तरी पुरे. आमच्या युनियनचे खातेपुस्तक मी बरोबर आणले आहे, तेही पाहावयास मोकळे आहे. चिटणीसांनी घड्याळ दाखविले आहे, तेव्हा मी थांबतो.